अभ्र्याच्या शिवणीतली धूळ

आमच्या कॉलनीत त्यांना सगळे धूरमास्तर म्हणतात. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा चांगला लांबलचक आहे, पण तो उच्चारून होईपर्यंत माणूस जिना चढून वर पोचतो. राहतात माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर. मी सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. भट्टीतून निघालेल्या मालाचा नमुना दर दोन तासांनी तपासायचा आणि आकडा कंट्रोल रूमला नेऊन द्यायचा, हे माझं काम. स्वभाव माझा तिखट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, कारण या गोष्टीत मीही एक मूर्खपणा केला आहे आणि तो लपवायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

मास्तर नोकरीला लागले तेव्हा धूर मोजायचं यंत्र नव्हतं. एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं. त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत छटांचे चौकोन, शून्य ते पाच. मास्तरांनी दर तासाला सायकल स्टँडच्या भिंतीशी उभं राहायचं, सूर्य पाठीशी घ्यायचा, कार्ड डोळ्यांसमोर धरायचं आणि चिमणीच्या तोंडचा धूर कोणत्या चौकोनाशी जुळतो ते वहीत लिहायचं. डोळा त्यांचा अचूक होता. अजूनही आहे. माझ्या साडीकडे बघून ती किती वेळा धुतली ते सांगतील. पण अडचण डोळ्याची नव्हती, वहीची होती. पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनी त्यांना बोलावून समजावलं, की दोनच्या वर आकडा गेला तर वरून चौकशी येते, आणि चौकशी आली की सुक्याबरोबर ओलंही जळतं. मास्तर एकोणीस वर्षांचे होते. त्यांना समजलं. तेव्हापासून वहीत रोज एक. भट्टी नीट चालो की बिघडो, एक. बावीस वर्षं त्यांनी तोच आकडा लिहिला.

मधल्या काळात वहिनी लग्न होऊन आल्या. हसतमुख बाई, हातात कायम विणकामाच्या सुया. मी या घरात राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी चहाचा कप आणून दिला तो त्यांनीच, आणि वर दटावलं, की कपडे गच्चीवर वाळत घालायचे तर दुपारी दोननंतर घालू नकोस, वारा फिरतो. संध्याकाळी मास्तर घरी आले की त्या विचारायच्या, "आज वहीत किती?" मास्तर म्हणायचे, "एक." मग वहिनी दोरीवरचा टॉवेल काढून त्यांच्या नाकासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "हा तीन आहे." दोघंही हसायची. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्या घराइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पहिली काही वर्षं तो विनोद होता.

पुढे वहिनींना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग नुसतं बसल्या बसल्या. टॉवेलचा विनोद त्या घरातून कधी गेला ते मला सांगता येणार नाही, पण वरून हसण्याचा आवाज यायचा थांबला हे मला खाली कळलं. पुठ्ठ्याचं कार्ड जाऊन यंत्र आलं, तरी फार काही बदललं नाही. यंत्र आकडे कंपनीच्या कॉम्प्युटरला द्यायचं आणि अहवाल वर जाण्याआधी कुणीतरी त्या आकड्यांची नीट हजामत करायचं. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की या हवेत त्यांना ठेवू नका. वहिनींचा भाऊ सहा तासांवरच्या गावी राहतो. मूलबाळ नसलेलं जोडपं, मास्तरांच्या निवृत्तीला दहा वर्षं बाकी, नोकरी सोडावी तर कंपनीचं घर जातं आणि औषधंही. वहिनी एकट्याच भावाकडे गेल्या. त्याला आता सहा वर्षं झाली.

जाताना मी त्यांची बॅग खाली आणली होती, म्हणून हे मला ऐकू आलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "दम्याचं मला एवढं वाटत नाही हो. रोज माझा टॉवेल बघून तुम्ही एक लिहीत राहिलात, त्याचं वाटतं." मास्तरांनी रिक्षात बॅग ठेवली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा काढून ठेवली, आणि मग पुन्हा एकदा.

त्यानंतर अभ्र्याचा कार्यक्रम सुरू झाला. वहिनींचा निरोप आला, की माझ्या उशीचा पांढरा अभ्रा आठवडाभर गच्चीवर दोरीला लावा आणि मग पोस्टाने मला पाठवा. हवा सुधारली की नाही ते मी त्यावरून बघेन. मास्तरांनी पहिल्या महिन्यात अभ्रा लावला, काढला, चांगला झटकला आणि पाठवला. चौथ्या दिवशी फोन. वहिनींनी शिवण उलटून कोपऱ्यात बोट घातलं होतं. धूळ वरून झटकली तरी शिवणीत बसते, हे कपडे धुणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. "झटकलात ना?" एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मास्तर खाली येऊन माझ्या दारात उभे राहिले. चोरी सापडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि मला हसू आवरेना.

पुढे त्यांनी कधी झटकला नाही. दर महिन्याला अभ्रा कागदात अलगद गुंडाळून जायचा आणि पंधरा दिवसांनी धुऊन परत यायचा. परत आलेला अभ्रा मास्तर लगेच गच्चीवर लावत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, दमट आहे, वाळवतोय. सहा तास उन्हातून प्रवास करून आलेलं कापड दमट कसं असेल? एका सकाळी मी दूध द्यायला वर गेले तेव्हा तो त्यांच्या स्वतःच्या उशीवर होता. त्याला तिकडच्या साबणाचा वास होता. मी दुधाचं भांडं ठेवलं आणि काही न बोलता खाली आले. इतकी तिखट मी नाही.

आता साखळीचं सांगते. दीड वर्षापूर्वी मोठ्या पुलांची कामं घेणाऱ्या गिऱ्हाइकांनी कंपनीला बजावलं, की तुमची चिमणी किती धूळ सोडते याचा पक्का दाखला असेल तरच सिमेंट घेऊ, आणि तुमच्या अहवालावर आमचा विश्वास नाही. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. चिमणीच्या आधी धूळ गाळणाऱ्या हजारो कापडी पिशव्यांचं नवं बॅग हाउस उभं राहिलं, आणि ब्लॉकचेन, म्हणजे आकड्यांची साखळी, आली. ती बसवायला आलेली इंजिनियर मुलगी महिनाभर आमच्यात होती. तिला आम्ही साखळीवाली म्हणायचो. तिने समजावलं ते असं. यंत्र दर मिनिटाला धुळीचा आकडा देणार. तो एका कप्प्यात बंद होणार, आणि प्रत्येक कप्प्यावर आधीच्या कप्प्याची खूण असणार. या सगळ्याची एक प्रत कंपनीकडे, एक प्रदूषणवाल्या सरकारी ऑफिसात, एक गिऱ्हाइकांकडे आणि एक गावच्या नगरपालिकेत. मागचा एक आकडा बदलायचा तर पुढचे सगळे कप्पे बदलावे लागतील, तेही चारही ठिकाणी, आणि ते कुणाच्या बापाला जमणार नाही. शिवाय कुणालाही हे आकडे फोनवर बघता येतील.

मास्तरांनी हे वहिनींना फोनवर सांगताना घाम गाळला. वहिनींना मात्र एका वाक्यात कळलं. म्हणाल्या, "म्हणजे विणकामच की. खालचा टाका ओढला तर वरच्या सगळ्या ओळी उसवणार." साखळीवालीला मी हे सांगितलं तेव्हा तिने ते वहीत टिपून घेतलं.

माझ्या मनात मात्र किंतु होताच. साखळी खोटं बोलत नाही हे खरं. पण तिला खोटं खाऊ घातलं तर तेही ती तितक्याच इमानाने सांभाळणार. आणि खाऊ घालायची जागा होती. आठवड्यातून एकदा मास्तर चिमणीच्या अर्ध्या उंचीवरच्या मचाणावर चढून यंत्राची काच पुसतात आणि ते बरोबर मोजतंय का ते तपासतात. तेवढा वेळ यंत्र भलतेच आकडे देतं. म्हणून कंट्रोल रूममध्ये एक चावी बसवलेली आहे. ती फिरवली की त्या वेळेच्या आकड्यांपुढे साखळीत "तपासणी" असं लिहिलं जातं आणि ते हिशेबात धरले जात नाहीत. ती चावी मास्तरांच्या अंगठ्याच्या ठशाशिवाय फिरत नाही. साखळीवालीने जाताना सगळ्यांसमोर सांगितलं, की आता या कारखान्यात खोटं बोलायची एवढी एकच जागा उरली आहे आणि ती या काकांकडे आहे. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

बॅग हाउस सुरू झालं आणि हवा खरंच बदलली. माझ्या खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर पूर्वी अक्षर उमटायचं, ते बंद झालं. वहिनी तिकडे भावाच्या ओटीवर बसून रोज फोनवर आमच्या चिमणीच्या आकड्यांची वरखाली होणारी रेघ बघायला लागल्या. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, तीन महिने सलग धूळ मर्यादेत राहिली तर जाऊन बघायला हरकत नाही. नव्या यंत्राच्या मापात मर्यादा तीसची. वहिनींनी मास्तरांना कळवलं, की नव्वद दिवस एकदाही रेघ तीसच्या वर गेली नाही तर मी येते. पण अभ्रा पाठवायचाच. मास्तरांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रेघोट्या मारायला सुरुवात केली.

त्या नव्वद दिवसांत मी एक वेगळेच मास्तर पाहिले. आठवड्यातून एकदा चढायचं मचाण, तिथे ते तीनदा चढायला लागले. पिशव्यांच्या प्रत्येक कप्प्याचा दाब स्वतः बघायचे आणि फिटरच्या मागे भुणभुण लावायचे. फिटर म्हणायचा, मास्तर, पिशव्यांना आता तुमचं नाव तेवढं घालायचं राहिलंय. घरी वहिनींच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय बसवून घेतला. जिन्याला मधल्या वळणावर एक स्टूल ठेवलं, त्यांना टेकता यावं म्हणून. मला येऊन विचारलं, की बायकांना पडद्याला कोणता रंग आवडतो. मी म्हटलं, बायकांचं मला माहीत नाही, वहिनींना निळा आवडतो. ते म्हणाले, ते मला माहीत आहे हो ताई, पण सहा वर्षांत बदलला असेल तर? वाट बघणारा माणूस कशाकशाला घाबरतो हे त्या दिवशी कळलं.

नव्वदावा दिवस रविवारी येत होता. सोमवारच्या गाडीचं वहिनींचं तिकीट काढून झालं होतं. आदल्या मंगळवारी, म्हणजे पंच्याऐंशीव्या दिवशी, सकाळी अकरा वीसला मी आकडा द्यायला कंट्रोल रूममध्ये शिरले तेव्हा धोक्याची घंटा वाजत होती.

बॅग हाउसच्या एका कप्प्यात पिशवी फाटली होती, बहुतेक एकाहून जास्त. पडद्यावर सतरा-अठरावर चालणारी रेघ चोवीसवर गेली, मग एकतीस, मग चव्वेचाळीस. फाटका कप्पा बंद करायचा तर भट्टी मंद करावी लागते. तीन-चार तासांचं काम. भट्टीचे शिफ्टसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी लगेच भट्टी मंद करायला सांगितलं. पण आजचा दिवस लाल झाला तर तिमाहीचा दाखला जाणार आणि पुलवाल्यांचा माल अडकणार, हेही त्यांना दिसत होतं. ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, काच धुरकटली म्हणून तपासणीला लावा. चार तासांचा प्रश्न आहे. पिशवी तर आपण बदलतोच आहोत, कुणाला फसवतोय असं नाही." मग आवाज खाली करून म्हणाले, "आणि वहिनी येणार आहेत ना सोमवारी?"

मास्तर चावीसमोरच उभे होते. हात पँटच्या खिशात. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण खिशातली मूठ दिसत होती.

आता माझा मूर्खपणा. मी त्यांच्या शेजारी गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "फिरवा मास्तर. एकदाच. त्यांना येऊ दे." जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांना नावं ठेवणारी मी, लोकांना सांगे ब्रह्मज्ञान अशातली गत झाली. मला तेव्हा धूळ दिसत नव्हती. मला जिन्यातलं स्टूल दिसत होतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, बावीस वर्षं खोटा आकडा लिहिला म्हणून ती गेली. आता खोट्या आकड्यावर तिला परत आणू?"

मग ते शिफ्टसाहेबांना म्हणाले, की मी पिशवीकडे जातो, आणि बाहेर पडले. त्या उन्हात, त्या धुळीत, तोंडाला मास्क बांधून छप्पन वर्षांचा माणूस फिटरबरोबर तीन तास बॅग हाउसच्या माथ्यावर होता. दुपारी तीनला कप्पा बंद झाला आणि रेघ पुन्हा विसाच्या आत आली. खाली आल्यावर त्यांनी हात धुतले आणि साखळीतल्या लाल आकड्यांखाली नोंद केली. अशी नोंद पुसता येत नाही, म्हणून लोक ती करताना दहादा विचार करतात. मास्तरांनी एका दमात लिहिली: "पिशवी फाटली. अकरा वीस ते दोन अठ्ठावन्न चिमणीतून धूळ गेली. यंत्र बरोबर होतं." खाली अंगठा लावला.

त्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. मास्तरांनीही केला नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही करा. ते म्हणाले, तिने बघितलं असणार, आता मी काय सांगू? शिफ्टसाहेब त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. कॉलनीत दोन तट पडले, एक त्यांना हरिश्चंद्र म्हणून टोमणे मारणारा आणि दुसरा गप्प बसणारा. मास्तर रोज घरी येऊन दिवा न लावता बसायचे. निळे पडदे लावून झाले होते. ते काढावेत की राहू द्यावेत हे त्यांना ठरवता येत नसावं, कारण शनिवारी एकच पडदा काढलेला मी पाहिला.

सोमवार उजाडला. ज्या गाडीने वहिनी येणार होत्या ती तिच्या वेळेवर आली आणि गेली. मास्तर रजेवर होते. रजा आधीच घेऊन ठेवली होती, ती परत कशी करणार? दुपारी पोस्टमन पाकीट माझ्याकडे देऊन गेला. वरच्या जिन्याला तो कंटाळतो. मी पाकीट घेऊन वर गेले. मास्तरांनी ते हातात घेतलं, चाचपलं आणि म्हणाले, "अभ्रा आहे." उघडलं तर आत चिठ्ठीही होती. त्यांनी ती वाचली. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि माझ्या हातात दिली.

वहिनींचं अक्षर मोठं आणि सुटं आहे. लिहिलं होतं:

"मंगळवारी रेघ वर गेलेली पाहिली. जेवणाचं ताट तसंच ठेवून बघत बसले. आता तपासणी लिहून येईल, आता येईल, अशी वाट पाहत होते. नाही आली. तीन वाजता तुमची नोंद आली. ती मी वाचली, मग दादाला मोठ्याने वाचून दाखवली. तुमच्या हातचं खरं लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं. फोन केला नाही, कारण मला बोलता आलं नसतं. डॉक्टरांचं ऐकावं लागणार, म्हणून नव्वद दिवस बुधवारपासून पुन्हा मोजू. पण आता मी फोनवर रेघ बघणार नाही. रोज संध्याकाळी तुम्हीच आकडा सांगा. तुम्ही सांगाल तो मी धरेन. अभ्रा आता गच्चीवर लावू नका. माझ्या उशीला घाला."

मी चिठ्ठी परत दिली. मास्तर आतल्या खोलीत गेले. पलंगावर दोन उशा होत्या, भिंतीकडची सहा वर्षं उघडी होती. त्यांनी तिला अभ्रा घातला, कोपरे नीट बसवले, आणि सवयीने शिवण उलटून आत बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ निघालं. मग ते पलंगाच्या कडेला बसले आणि मला म्हणाले, "ताई, मला ती फार हवी आहे हो." एवढी वर्षं शेजारी राहून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी काढलेला पडदा शोधून परत लावायला घेतला. हाताला काहीतरी काम हवं होतं.

संध्याकाळी ते गच्चीवर गेले. मी कपडे काढायच्या निमित्ताने मागोमाग गेले, खोटं कशाला सांगू. त्यांनी फोन लावला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. मास्तरांनी चिमणीकडे एकदा पाहिलं, पूर्वी कार्ड धरून बघत तसं, डोळे बारीक करून. मग म्हणाले, "आज एकोणीस. सहावा दिवस." पलीकडे काहीतरी बोलणं झालं आणि ते हसले. म्हणाले, "हो, निळेच लावलेत."

वहिनी आता रेघ बघणार नव्हत्या. मी मात्र टॉवेल घड्या घालता घालता माझ्या फोनवर गुपचूप बघून घेतलं. एकोणीसच होतं. अजून चौऱ्याऐंशी दिवस राहिले होते.